‘मिटिगेट म्हणजे कमी करणे’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत रोज एक अवघड इंग्रजी शब्द छापला जातो. चौकट छोटी असते. शब्द, त्यापुढे एकदोन शब्दांत मराठी अर्थ, खाली दोन समानार्थी शब्द आणि एक विरुद्धार्थी. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले ही चौकट कापून वहीत चिकटवतात, पाठही करतात. म्हणूनच तिच्यात काय छापले जाते याकडे आमचे लक्ष असते. नुकताच तिथे ‘मिटिगेट’ हा शब्द आला. अर्थ होता ‘कमी करणे’, समानार्थी ‘रिड्यूस’ आणि ‘अलीव्हिएट’, विरुद्धार्थी ‘इन्क्रीज’. परीक्षेत चारांपैकी एक पर्याय निवडायचा असेल तर एवढ्यावर कदाचित निभावेल. पण एवढ्याच शिदोरीवर वाक्य लिहायला बसले की ते हमखास फसते. का फसते आणि त्यासाठी चौकटीत काय हवे, हे त्याच एका शब्दावरून दाखवायचे आहे.

उत्तरपत्रिकांत नेहमी भेटणारी तीन वाक्ये पाहा. ‘द गव्हर्नमेंट शुड मिटिगेट द फीज.’ ‘प्लीज मिटिगेट द व्हॉल्यूम.’ ‘आय वाँट टु मिटिगेट माय वेट.’ व्याकरणात खोट नाही, स्पेलिंगही बरोबर. तरीही तिन्ही वाक्ये टाकाऊ आहेत. मुलांनी आळस केला म्हणून ती चुकली असे नाही, दिलेला अर्थ त्यांनी इमानेइतबारे वापरला आहे. मराठीत फी कमी होते, आवाज कमी होतो, वजन कमी होते, गर्दी, दुःख, शिक्षा, पुराचे पाणी आणि आमटीतले तिखटही कमी होते. ‘कमी करणे’ हे क्रियापद कशालाही चालते. इंग्रजीत ही कामे वेगवेगळ्या क्रियापदांनी वाटून घेतली आहेत आणि ‘मिटिगेट’च्या वाट्याला त्यातला एक छोटा तुकडा आला आहे.

तो तुकडा कोणता हे शब्दाच्या मुळावरून कळते. लॅटिनमध्ये ‘मिटिस’ म्हणजे मऊ, सौम्य. त्याला ‘करणे, चालवणे’ या अर्थाचे ‘अगेरे’ जोडून ‘मिटिगारे’ झाले. मूळ अर्थ सौम्य करणे. नॅव्हिगेट, लिटिगेट, फ्युमिगेट, कॅस्टिगेट हे शब्दही असेच जुळलेले: जहाज, दावा, धूर आणि शुद्ध या अर्थाच्या शब्दांना तेच शेपूट. मात्र प्रत्येक ‘-गेट’ला हे सूत्र लावू नये. ‘इरिगेट’मध्ये पाणी देण्याचा अर्थ असलेले वेगळेच क्रियापद आहे आणि ‘इन्व्हेस्टिगेट’ हा पाऊलखुणेवरून आला आहे. बाजारातल्या शब्दसंग्रहाच्या काही पुस्तकांत या सगळ्यांना एकाच दावणीला बांधलेले असते, ते सोडून द्यावे.

तेव्हा ‘मिटिगेट’ करायचे म्हणजे जे कठोर, घातक किंवा त्रासदायक आहे त्याची धार कमी करायची. मराठीत याची चाचणी सोपी आहे. ज्या नामापुढे ‘ची झळ’, ‘ची तीव्रता’, ‘चा फटका’ किंवा ‘चा तडाखा’ लावून ‘कमी करणे’ म्हणता येते, तिथे ‘मिटिगेट’ बसते. दुष्काळाची झळ, महागाईचा फटका, वादळाचा तडाखा, प्रदूषणाची तीव्रता हे सगळे चालेल. फीची तीव्रता किंवा वजनाचा तडाखा असे कुणी म्हणत नाही, म्हणून तिथे ‘रिड्यूस’ किंवा ‘लोअर’. आवाजासाठी साधे ‘टर्न डाउन’. फीबद्दल ‘मिटिगेट’ वापरायचाच असेल तर ‘मिटिगेट द बर्डन ऑफ हाय फीज’ असे लिहावे लागते. ओझे सौम्य होते, फीचा आकडा सौम्य होत नाही.

दुसरी गोष्ट, मिटिगेट केल्यावर मूळ गोष्ट नाहीशी होत नाही. मरीन ड्राइव्हवरचे टेट्रापॉड डोळ्यांपुढे आणा. चार पायांचे ते काँक्रीटचे ठोकळे एकमेकांत अडकून पडलेले असतात, मधे फटी असतात, लाट त्या फटींत शिरून फुटते आणि भिंतीपर्यंत पोचेतो तिचा जोर उतरलेला असतो. लाट येतेच. ‘द टेट्रापॉड्स मिटिगेट द फोर्स ऑफ द वेव्ह्ज’ हे वाक्य म्हणूनच अचूक आहे. लाट थांबली असती तर ‘स्टॉप’, मुळात उरलीच नसती तर ‘एलिमिनेट’. ‘द प्रॉब्लेम वॉज कम्प्लीटली मिटिगेटेड’ असे वाक्य तपासताना आम्ही लाल रेघ मारतो. तंत्रविषयक अहवालांत ‘फुल्ली मिटिगेटेड’ सापडते हे खरे, पण निबंधात ते लिहिणाऱ्याला बहुधा ‘सॉल्व्ह्ड’ म्हणायचे असते.

आता वाक्याची घडण. हे क्रियापद सकर्मक आहे. कुणीतरी किंवा कशाने तरी काहीतरी मिटिगेट होते; ते आपोआप होत नाही. ‘माय फीव्हर मिटिगेटेड’ चूक, तिथे ‘केम डाउन’ किंवा ‘सबसाइडेड’. वादळ स्वतःहून ओसरले तर ‘अबेटेड’. मुलांनी पाठ करायचा सांगाडा एकच: अमुक उपाय, मग ‘मिटिगेट्स’, मग ‘द इफेक्ट’, ‘द इम्पॅक्ट’, ‘द रिस्क’ किंवा ‘द डॅमेज’, मग ‘ऑफ’ आणि शेवटी संकटाचे नाव. ‘फार्म पाँड्स मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ ड्रॉट.’ कर्मणी प्रयोगात उपायाच्या आधी ‘बाय’ येतो: ‘द इम्पॅक्ट कॅन बी मिटिगेटेड बाय प्लांटिंग मँग्रोव्ह्ज.’ निबंधात याची सगळ्यांत उपयोगी जोडणी ‘टेक स्टेप्स टु मिटिगेट’ ही.

वर्तमानपत्रांत ‘फ्लड मिटिगेशन’, ‘ड्रॉट मिटिगेशन’ असे जोडशब्द दिसतात आणि मुले त्यावरून ‘मिटिगेट द फ्लड’ लिहितात. जोडशब्दात मधला ‘परिणाम’ गाळलेला असतो. क्रियापद वापरताना तो परत घालणे चांगले. परीक्षकाला लिहिणाऱ्याची समज तिथेच दिसते.

मराठी विभक्तीमुळे होणारी एक चूक वेगळी सांगायला हवी. ‘पुरापासून बचाव’ डोक्यात असतो, त्यामुळे ‘मिटिगेट फ्रॉम फ्लड’ लिहिले जाते. या क्रियापदानंतर शब्दयोगी अव्यय येतच नाही, थेट कर्म येते. ‘फ्रॉम’ हवा असेल तर क्रियापद ‘प्रोटेक्ट’ घ्यावे. याहून वाईट म्हणजे ‘मिटिगेट अगेन्स्ट’. ही चूक इंग्रज आणि अमेरिकन लोकही सर्रास करतात, कारण ‘मिलिटेट अगेन्स्ट’ नावाचा त्याच्यासारखा ऐकू येणारा दुसराच शब्द आहे. त्याचा अर्थ विरोधात जाणे, आड येणे. ‘हिज यूथ मिलिटेटेड अगेन्स्ट अ हार्श सेंटेन्स’ म्हणजे त्याचे कोवळे वय कठोर शिक्षेच्या आड आले. ‘हिज यूथ मिटिगेटेड हिज गिल्ट’ म्हणजे वयामुळे त्याच्या दोषाची तीव्रता कमी झाली. ‘अगेन्स्ट’ दिसला की ‘मिलिटेट’, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते.

कोर्टातल्या वापरावर जरा थांबायला हवे, कारण तिथे हा शब्द सर्वांत चपखल वापरला जातो आणि मराठी बातम्यांत सर्वांत जास्त गोंधळही तिथेच होतो. फौजदारी खटल्यात आरोपी दोषी ठरला की शिक्षा किती द्यायची यावर वेगळा युक्तिवाद होतो. त्या वेळी बचाव पक्ष ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’ मांडतो आणि सरकारी पक्ष ‘अ‍ॅग्रव्हेटिंग सर्कमस्टन्सेस’. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यात फाशीची शिक्षा घटनात्मक ठरवली आणि ती विरळातल्या विरळ प्रकरणांपुरती ठेवली, तेव्हा या दोन्ही पारड्यांची चर्चा झाली. सौम्य करणाऱ्या बाबींची ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी सुचवलेली यादी त्या निकालपत्रात आहे: गुन्हा तीव्र मानसिक किंवा भावनिक ताणाखाली घडला का, आरोपी फार लहान वा फार वृद्ध आहे का, तो दुसऱ्याच्या दडपणाखाली वागला का, सुधारण्याची शक्यता आहे का. यातली कोणतीही बाब सिद्ध झाली म्हणून तो निर्दोष ठरत नाही. गुन्हा तसाच राहतो, शिक्षेची धार उतरते. मिटिगेटचा विरुद्धार्थी शब्दही इथेच सापडतो: ‘अ‍ॅग्रव्हेट’, आणि त्याच्या जोडीला ‘एक्झॅसर्बेट’. आपल्या चौकटीतला ‘इन्क्रीज’ हा ‘रिड्यूस’चा विरुद्धार्थी आहे.

कोर्टात वकील जे बोलतो त्याला ‘प्ली इन मिटिगेशन’ म्हणतात. उतारा वाचताना ‘ही सेड इन मिटिगेशन दॅट…’ असे आले तर ‘शिक्षा कमी व्हावी म्हणून त्याने सांगितले की’ असा अर्थ घ्यायचा. यातही सापळा आहे. मराठीत आपण ‘फाशीची शिक्षा सौम्य करून जन्मठेप दिली’ असे लिहितो. राष्ट्रपती घटनेच्या कलम 72 खाली किंवा राज्यपाल कलम 161 खाली असे करतात तेव्हा इंग्रजी शब्द ‘कम्यूट’ असतो. एका प्रकारची शिक्षा काढून तिच्या जागी दुसऱ्या, हलक्या प्रकारची ठेवणे म्हणजे ‘कम्यूट’. दोन्हीकडे मराठी ‘सौम्य करणे’ आहे म्हणून मुलांनी ‘द प्रेसिडेंट मिटिगेटेड द डेथ सेंटेन्स’ लिहिले तर त्यांना दोष कसा द्यायचा? शाळेत प्रयोगशाळेतही ‘सौम्य आम्ल’ असते आणि तिथे शब्द ‘वीक’. म्हणजे ‘कमी करणे’ऐवजी ‘सौम्य करणे’ छापले की काम झाले, असेही समजू नका.

दिवाणी बाजूलाही हा शब्द आहे. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 73 चे स्पष्टीकरण असे की, कराराचा भंग झाल्यावर नुकसानीचा अंदाज करताना ती गैरसोय दूर करायचे कोणते मार्ग हाताशी होते तेही पाहायचे. समजा, व्यापाऱ्याने ठरलेला माल पाठवला नाही आणि तोच माल शेजारच्या बाजारात थोड्या चढ्या भावाने मिळत होता. खरेदीदाराने तो न घेता हात बांधून बसायचे आणि महिनाभराचा सगळा तोटा मागायचा, हे चालत नाही. याला ‘ड्यूटी टु मिटिगेट’ म्हणतात आणि खरेदीदाराने जे करायला हवे होते ते ‘मिटिगेट हिज लॉस’. तोटा शून्यावर आणायची अपेक्षा नाही, वाढू न देण्याची आहे. विधी शाखेच्या मुलांचा आणखी एक घोळ ‘लिटिगेशन’शी होतो. एक दावा लढवणे, दुसरे धार कमी करणे. फक्त शेवट जुळतो.

आपत्तीच्या संदर्भात शब्द थोडा पुढे सरकतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 मध्ये ‘मिटिगेशन’ची व्याख्या दिली आहे: आपत्तीचा किंवा आपत्तीच्या धोक्याचा संभव, आघात किंवा परिणाम कमी करण्यासाठीचे उपाय. त्याच कायद्यात ‘प्रिपेअर्डनेस’ची व्याख्या वेगळी आहे. परीक्षेत हा फरक विचारतात आणि मुले दोन्हीला ‘पूर्वतयारी’ म्हणून मोकळी होतात. किल्लारीचे उदाहरण घ्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथल्या भूकंपात इतकी माणसे गेली त्याचे मोठे कारण घरांची बांधणी होते: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि लाकडी माळवदावर मातीचे जाड थर. भिंत फुटली की ते सगळे ओझे खाली. नंतरच्या पुनर्वसनात भिंतींना बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे आणि हलकी छपरे आली. हे मिटिगेशन. भूकंप थांबत नाही, पण घराखाली माणसे गाडली जाण्याची शक्यता घटते. बचाव पथकाचा सराव घेणे, औषधांचा साठा ठेवणे, शाळेत बाकाखाली बसायला शिकवणे हे प्रिपेअर्डनेस. पहिल्यात नुकसान घडण्याआधीच त्याचा आकार लहान केला जातो, दुसऱ्यात ते घडले तर हातपाय कसे हलवायचे ते ठरते.

हवामानबदलाच्या चर्चेत तर शब्द जवळजवळ उलटा फिरतो आणि मुले तिथे हमखास पडतात. आतापर्यंत सांगितले की मिटिगेट म्हणजे परिणामाची झळ कमी करणे, कारण तसेच राहते. आयपीसीसी या हवामानबदलाचे अहवाल काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या भाषेत मात्र ‘मिटिगेशन’ म्हणजे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवणे किंवा ते शोषून घेणारी जंगलांसारखी साधने वाढवणे. म्हणजे थेट कारणालाच हात. आणि झळ सोसायची तयारी करणे, उदाहरणार्थ समुद्र वाढेल म्हणून बांध उंच करणे किंवा पाऊस कमी होईल म्हणून कमी पाण्याचे वाण लावणे, याला ‘अ‍ॅडॅप्टेशन’ म्हणतात. त्यांच्या अहवालांचे काम तीन गटांत चालते. दुसरा गट परिणाम आणि अ‍ॅडॅप्टेशन पाहतो, तिसरा मिटिगेशन. सौर पंप मिटिगेशनमध्ये, उष्णतेच्या लाटेत दुपारची शाळा सकाळी भरवणे अ‍ॅडॅप्टेशनमध्ये. खारफुटी दोन्हींत बसते: कार्बन शोषते म्हणून मिटिगेशन, वादळी लाटांचा मारा झेलते म्हणून अ‍ॅडॅप्टेशन. इतके सांगितले की ‘एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. उत्तर असे की हवामानाच्या अभ्यासकांनी ज्याची तीव्रता कमी करायची ती गोष्ट ‘हवामानबदल’ हीच धरली, ‘हवामानबदलाने होणारे नुकसान’ ही धरली नाही. क्रियापद तेच राहिले, त्याचे कर्म बदलले.

नोकरीला लागलेल्यांना हा शब्द ‘रिस्क मिटिगेशन’ म्हणून भेटतो. कंपनीच्या बैठकीत ‘याचं मिटिगेशन काय?’ असा प्रश्न मराठीतही सहज विचारला जातो आणि उत्तरादाखल कोणताही उपाय सांगितला जातो. प्रकल्प व्यवस्थापनाच्या शिस्तीत धोक्याला सामोरे जायचे चार रूढ मार्ग आहेत: अव्हॉइड, ट्रान्सफर, मिटिगेट, अ‍ॅक्सेप्ट. नाशिकच्या द्राक्षबागेवर ते लावून पाहू. गारपिटीची भीती म्हणून द्राक्ष लावलेच नाही, तर अव्हॉइड. पीक विमा काढला, तर तोट्याचा भार दुसऱ्याच्या अंगावर गेला, म्हणून ट्रान्सफर. बागेवर जाळी किंवा प्लास्टिकचे आच्छादन घातले, तर मिटिगेट. गारा पडल्या तरी मणी कमी फुटतील. आणि जे होईल ते होईल म्हणून गप्प बसले, तर अ‍ॅक्सेप्ट. विम्याला मिटिगेशन म्हणणे ही इथली नेहमीची चूक. विम्याने एकही मणी वाचत नाही.

‘अनमिटिगेटेड’ हे रूप वेगळे शिकवावे लागते. अक्षरशः अर्थ लावून ‘कमी न केलेले’ असे मुले लिहितात आणि उताऱ्याचा अर्थ बिघडतो. ‘अ‍ॅन अनमिटिगेटेड डिझास्टर’ म्हणजे पार वाटोळे, ज्यात एकही बरी बाजू नाही असे. मराठीत यासाठी ‘निव्वळ’, ‘साफ’, ‘शुद्ध’, ‘धडधडीत’ आहेत: धडधडीत खोटे, शुद्ध मूर्खपणा. हे विशेषण बहुधा नामाच्या आधीच बसते आणि ते नाम बहुतेक वेळा वाईट असते. ‘द डिझास्टर वॉज अनमिटिगेटेड’ अशी मांडणी टाळावी. पर्यायांत ‘अ‍ॅब्सोल्यूट’ किंवा ‘आउट-अँड-आउट’ असेल तर उत्तर तेच.

शेजारचे शब्द थोडक्यात. ‘अलीव्हिएट’चा ओढा माणसाच्या त्रासाकडे: वेदना, दारिद्र्य, हाल. ‘मिटिगेट’चा धोका आणि परिणाम यांकडे. दोघांच्या हद्दी एकमेकांत शिरतात, पण ‘पॉव्हर्टी अलीव्हिएशन’ आणि ‘रिस्क मिटिगेशन’ या जोड्यांची अदलाबदल करू नये. ‘अस्वेज’ भीती, अपराधीपणा, भूक यांना लागतो. ‘अमेलिओरेट’ म्हणजे परिस्थिती सुधारणे. तो वर चढवतो, मिटिगेट फक्त खालची घसरण हलकी करतो. डोकेदुखीच्या गोळीसाठी ‘रिलीव्ह’ हाच शब्द. आणि बोलताना, घरात, दुकानात ‘मिटिगेट’ वापरूच नये. तो लेखी, औपचारिक शब्द आहे. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतल्या लेखन परीक्षेत शब्दसंपत्तीला चतुर्थांश गुण असतात. सातव्या बँडच्या (गुणश्रेणीच्या) वर्णनात विरळ शब्दांबरोबरच शैली आणि शब्दांच्या जोड्यांची जाण हवी, असे स्पष्ट म्हटले आहे. अवघड शब्द नुसता पेरल्याने गुण चढत नाहीत, भलत्या जोडीत पेरला तर उतरतात.

उच्चाराबाबत एवढेच की पहिली दोन अक्षरे ऱ्हस्व, जोर पहिल्या ‘मि’वर: मि-टि-गेट. ‘मायटिगेट’ चूक. नाम झाले की जोर पुढे सरकतो: मिटि-गे-शन. स्पेलिंग एम-आय-टी-आय-जी-ए-टी-ई, ‘टी’ सलग दोनदा येत नाही आणि मधे ‘ई’ नसतो. या पत्रात इंग्रजी वाक्ये देवनागरीत लिहिली आहेत, चौकटीत मात्र ती रोमन लिपीत हवीत.

आता मागणी. चौकट मोठी करा असे आमचे म्हणणे नाही. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांची ओळ काढली की जागा निघते. त्या जागेत पुढचा मजकूर मावतो:

‘मिटिगेट. सकर्मक क्रियापद, औपचारिक. वाईट गोष्टीची तीव्रता किंवा झळ कमी करणे (ती नाहीशी करणे नव्हे). सोबत येणारी नामे: रिस्क, इफेक्ट, इम्पॅक्ट, डॅमेज, हार्म. यांच्यासोबत नको: फी, किंमत, वजन, आवाज. पुढे अगेन्स्ट किंवा फ्रॉम लावू नये. वाक्य: ट्रीज मिटिगेट द इफेक्ट्स ऑफ अर्बन हीट. उलट: अ‍ॅग्रव्हेट.’

शब्द त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी रुजवला. 1920 च्या दशकात ते लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. परभाषकांसाठीच्या शब्दकोशांची एक सुरुवातही आपल्याच उपखंडातली आहे. ढाक्यात अनेक वर्षे शिक्षणाचे काम केलेल्या मायकल वेस्ट यांनी जेम्स एंडिकॉट यांच्या जोडीने 1935 मध्ये जो कोश काढला, त्यात सगळ्या व्याख्या 1,490 सोप्या शब्दांत बसवल्या होत्या. आजचे लर्नर्स शब्दकोश त्याच वाटेवरचे आहेत आणि त्यांतले बरेच इंटरनेटवर फुकट पाहता येतात. चौकट लिहिणाऱ्याने इंग्रजी-मराठी कोशाच्या जोडीला यांतला एक उघडला, त्यात क्रियापदापुढे सकर्मकाची खूण आणि ‘फॉर्मल’ ही सूचना पाहिली आणि उदाहरणवाक्यांतली नामे टिपली, तर काम दहा मिनिटांचे आहे.

चौकट कापून ठेवणाऱ्या मुलांसाठीही थोडे. रोज पाच शब्द घोकण्यापेक्षा आठवड्याला दोनतीन नीट घ्यावेत. एका शब्दाला वहीचे एक पान. वर सांगाडा लिहायचा, त्याखाली वर्तमानपत्रातून किंवा कोशातून शोधलेली चार खरी वाक्ये उतरवायची आणि प्रत्येकात क्रियापदाखाली एक रेघ, त्याच्या कर्माखाली दोन रेघा मारायच्या. चार वाक्यांची चार कर्मे एकाखाली एक लिहिली की शब्दाचा स्वभाव आपोआप दिसतो. मग स्वतःची तीन वाक्ये: एक कर्तरी, एक कर्मणी, एक नामाचे रूप वापरून. उजळणी अर्थ विचारून करू नये. कार्डाच्या एका बाजूला रिकामी जागा ठेवलेले वाक्य लिहावे, ‘मँग्रोव्ह्ज हेल्प टु … द इम्पॅक्ट ऑफ स्टॉर्म सर्जेस’ असे, आणि मागे उत्तर. पाहिलेला शब्द ओळखणे सोपे असते. नसलेला आठवून काढणे अवघड, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तेच करायचे असते. त्याच संध्याकाळी एकदा, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि मग महिन्याने, एवढ्या चार फेऱ्या बस होतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले होते की पाठ केलेले सर्वांत वेगाने विसरते ते पहिल्याच दिवसात. म्हणून संध्याकाळची फेरी चुकवू नये.

आणखी एक सुचवावेसे वाटते. शनिवारी त्याच चौकटीत आठवड्यातल्या एका शब्दावर वाचकांनी पाठवलेली दोन वाक्ये नाव न देता छापावीत, एक जमलेले आणि एक न जमलेले, दुसऱ्यातली दुरुस्ती कारणासह. पुढचे शब्द कोणते घ्यावेत असे विचाराल तर मराठी एकशब्दी अर्थाने ज्यांचे हाल होतात त्यांच्यापासून सुरुवात करा: ‘कन्ड्यूसिव्ह’ला ‘अनुकूल’, ‘प्रोन’ला ‘प्रवण’, ‘कॉम्प्रमाइज’ला ‘तडजोड’. ‘कॉम्प्रमाइज्ड पासवर्ड’चे भाषांतर ‘तडजोड केलेला पासवर्ड’ असे छापून आलेले आम्ही वाचले आहे.

कळावे,
आपले,
कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक, सातारा